दुसरं सिझर: जुना वण, नवे टाके

धागाकर्ती: चिमणी_ठाणे

नमस्कार मंडळी. आठवा संपत आलाय. पहिलं सिझर झालं होतं, यावेळीही डॉक्टरांनी सिझरच सांगितलंय. कारणं विचारून झाली, पटली. तेव्हा 'नॉर्मलसाठी प्रयत्न कर की गं' हा सल्ला कृपया नको. तो घरी भरपूर मिळतोय.

विचारायचंय ते टाक्यांबद्दल. पहिल्या वेळी त्वचेला स्टेपल मारले होते आणि डिस्चार्ज देतानाच काढले. घरी आल्यावर उजव्या कोपऱ्यातून आधी पाणी यायला लागलं, मग पू. कोपरा उसवला. पुन्हा टाके घातलेच नाहीत. 'आतून भरून येऊ दे' म्हणाले. रोज त्या खळीत गॉजची पट्टी भरायची आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढायची. काढताना पट्टी चिकटलेली असायची, सिस्टर सलाईन ओतून ओतून सोडवायच्या. बाळाला पाजायचं सोडून मी छताकडे बघत पडलेली.

आता वण डावीकडे इतका बारीक आहे की शोधावा लागतो. उजवीकडे मात्र करंगळीएवढा जाड, गुलाबी, आणि मे महिन्यात असा खाजतो की विचारू नका. वणाच्या वरचा भाग अजून बधिर आहे आणि त्यावर पोटाची वळकटी येते.

प्रश्न असे: कापणार तिथेच का? जुना वण काढून टाकतात की त्यावरच पुन्हा शिवतात? स्टेपल, टाके की ग्लू? आणि हॉस्पिटलने 'कॉस्मेटिक टाके' म्हणून वेगळे पैसे सांगितलेत, ते काय प्रकरण आहे? सासूबाईंनी आत्ताच जाहीर केलंय की भात बंद, टाके पिकतात. त्यावरही उजेड पाडा.

जुनीजाणती

माझी दोन्ही सिझर कोल्हापूरची, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची. उभा छेद, बेंबीखालून सरळ खाली. काळ्या दोऱ्याचे टाके, बाहेरून दिसायचे. दुसऱ्या वेळी त्याच रेघेवरून कापलं आणि सोबत कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही उरकलं. वण कसा दिसतो हे विचारायची आमची टाप नव्हती गं. विचारतेस ते बरं करतेस.

भाताचं म्हणशील तर माझ्या आईने मला मऊ भात, तूप, मेतकूट दिलं आणि काही पिकलं नाही. शेजारणीला नुसती बाजरीची भाकरी दिली, तिचे पिकले. आता बोला.

लेबररूम

तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. रोजचंच काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते. हा सल्ला तुमच्या डॉक्टरांच्या जागी धरू नका, त्यांना काय विचारायचं ते कळावं एवढ्यासाठी धरा.

आधी एक कटू गोष्ट. बाहेरून दिसते ती रेघ म्हणजे या शस्त्रक्रियेतला सगळ्यात कमी महत्त्वाचा टाका. तिच्याखाली चरबी. चरबीखाली पांढरं, चिवट आवरण, त्याला आम्ही रेक्टस शीथ म्हणतो. त्याखाली पोटाचे दोन उभे स्नायू. ते सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. मग पेरिटोनियमचा पातळ पडदा आणि शेवटी गर्भपिशवी. यातल्या दोनच गोष्टी शिवण्यात हयगय चालत नाही: गर्भपिशवी आणि शीथ. पोट धरून ठेवतं ते शीथ. ते सुटलं की हर्निया. त्याला हळूहळू विरघळणारा जाड दोरा लागतो. पेरिटोनियम शिवला नाही तरी काही दिवसांत आपोआप जुळून येतो, म्हणून बरेच जण आता शिवतच नाहीत.

गर्भपिशवी एका थरात शिवायची की दोन, यावर आमच्यात अजून वाद आहेत. कोरोनिस नावाचा मोठा अभ्यास झाला, भारतासह सात देशांत, पंधरा हजारांहून जास्त बायकांवर. २०१३ साली निष्कर्ष आले, नंतर तीन वर्षांनी त्याच बायकांची पुन्हा चौकशी झाली. एक थर विरुद्ध दोन थर, क्रोमिक कॅटगट विरुद्ध व्हिक्रिल (दोन्ही विरघळणारे दोरे), पेरिटोनियम शिवणं विरुद्ध न शिवणं: कशातच ठळक फरक दिसला नाही. दोन थरांनी सोनोग्राफीत स्नायू थोडा जाड दिसतो म्हणणारे आहेत. मी स्वतः दोन थर घालते. सवय म्हणा.

आता दुसऱ्या वेळचं. पहिल्या सिझरला हे थर एकमेकांपासून सहज सुटतात. दुसऱ्याला ते बऱ्याचदा चिकटलेले असतात. लघवीची पिशवी वर ओढली जाऊन गर्भपिशवीच्या जुन्या टाक्यांवर बसलेली सापडते, ती सावकाश खाली सोडवावी लागते. म्हणून दुसऱ्या सिझरला वेळ लागला तर नातेवाइकांनी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी येऊन सिस्टरला छळू नये.

छेद बहुधा जुन्या जागीच घेतात, नाहीतर पोटावर दोन रेघा होतात. आणि जुना वण लंबगोल काप घेऊन काढून टाकणं ही अगदी नेहमीची पद्धत आहे. वणाला रक्तपुरवठा कमी. शिवाय एक कड जाड, एक पातळ असली की नीट जुळत नाही. तुमचा उजवा कोपरा टाक्यांनी नाही, उघड्या जखमेतून भरून आलाय, म्हणून तो जाड आहे. तो कापून दोन्ही कडा ताज्या करून शिवला तर यावेळी डावीकडच्यासारखा होण्याची शक्यता चांगली आहे. फक्त तो केलॉइड नाही याची खात्री करून घ्या. साधा जाड वण मूळ जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड हद्द ओलांडून निरोगी त्वचेत पसरतो आणि नुसता कापला तर बऱ्याचदा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो.

अनुस्वार

'कॉस्मेटिक टाक्यां'च्या पैशांवर कुणी बोलेल का? बायकोच्या वेळी आम्हालाही असाच एक आकडा सांगितला होता. बिलात 'प्लास्टिक सर्जरी क्लोजर' असं लिहिलेलं. प्लास्टिक सर्जन काही आला नव्हता.

लेबररूम

@अनुस्वार, त्वचेच्या आतून, वरून न दिसणारा, एका सलग धाग्याचा टाका म्हणजे सबक्युटिक्युलर. विरघळणाऱ्या मोनोक्रिलने किंवा व्हिक्रिल रॅपिडने घालतात. न विरघळणाऱ्या नायलॉन किंवा प्रोलीनने घातला तर नंतर एक टोक कापून दुसरं ओढलं की अख्खा धागा बाहेर येतो. हे कुठलंही खास तंत्र नाही, निवासी डॉक्टर पहिल्या वर्षात शिकतात. स्टेपलपेक्षा काही मिनिटं जास्त लागतात, बस. दोऱ्याच्या पाकिटाची किंमत एकूण बिलापुढे किरकोळ आहे. खरोखर प्लास्टिक सर्जन येणार असतील तर गोष्ट वेगळी, मग त्यांचं नाव विचारा.

@चिमणी_ठाणे, स्टेपलच मुळात वाईट असं नाही. आडव्या छेदाचे स्टेपल फार लवकर काढले की कडा सुटतात. पण स्टेपल आणि टाके यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत जखम उसवण्याचं प्रमाण स्टेपलमध्ये जास्त आढळलं. तुमचा पूर्वेतिहास बघता मी टाकेच घालेन.

आणि हे जरूर विचारा: चरबीचा थर दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर तो वेगळा शिवणार का? तिथे पोकळी राहिली की पाणी साठतं, त्याचा पू होतो. तुमच्या कोपऱ्यातून 'आधी पाणी, मग पू' आला म्हणता, ती गोष्ट बहुधा इथूनच सुरू झाली असावी.

भटकी_लेस्टर

इकडे यूकेत 'नाइस' या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेचा सल्लाच आहे की सिझरनंतर त्वचेला स्टेपलपेक्षा टाक्यांचा विचार करा. माझं दुसरं सिझर इथलं. प्रोलीनचा धागा होता, दोन्ही टोकांना छोटे मणी. मिडवाइफ घरी आली, सोफ्यावर आडवं केलं, एक मणी कापला आणि 'खोका' म्हणाली. मी खोकले, तेवढ्यात धागा तिच्या हातात! आईने भारतातून फोनवर विचारलं, टाके काढायला कोणत्या हॉस्पिटलला गेलीस? सोफ्यावर काढले म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना.

माझ्या मैत्रिणीचं वजन बरंच जास्त होतं. तिच्या जखमेवर छोटा पंप जोडलेली पट्टी लावली होती, ती ओल ओढून घेते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर इथे तिचा विचार करतात.

कोकणकन्या

एक वेगळा अनुभव लिहिते, कारण मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सिझरला दोन-अडीच वर्षं झाली असतील. वणाच्या डाव्या टोकाला आवळ्याएवढी टणक गाठ हाताला लागायला लागली. एरवी काही नाही. पाळी जवळ आली की ठणका, पाळीत साडीची निरी खोचवत नसे, पाळी गेली की ठणका गायब. एकाने हर्निया सांगितला, एकाने 'टाक्याची गाठ आहे, राहू दे'. शेवटी मडगावच्या एका बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, 'पाळीच्या वेळीच दुखतं का?' तिथेच निदान झालं. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराच्या काही पेशी ऑपरेशनच्या वेळी जखमेत राहतात, तिथेच रुजतात आणि दर महिन्याला तिथेही सुजतात. सोनोग्राफी झाली, गाठ कापून काढली, तपासणीत तेच निघालं. परत त्रास नाही.

त्यामुळे वणात गाठ आणि पाळीशी ताळमेळ, असं दिसलं की हे नाव लक्षात ठेवा: स्कार एंडोमेट्रिओसिस.

भटकी_लेस्टर

बाप रे. हे पहिल्यांदाच ऐकतेय.

पुराणवस्तू

बायकांच्या धाग्यावर घुसतोय, क्षमस्व. वैद्यकाचा इतिहास हा माझा नाद.

गर्भपिशवी शिवतात ही गोष्ट आपण गृहीत धरतो, पण एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात सिझरनंतर ती न शिवताच पोटात सोडून देत. समज असा की ती आपोआप आकसून बंद होईल. बायका रक्तस्रावाने आणि जंतुसंसर्गाने मरत. १८७६ मध्ये इटलीतल्या पोरो या डॉक्टरने यावर उपाय काढला: बाळ काढल्यावर गर्भपिशवीच काढून टाकायची. बाई वाचायची शक्यता वाढली, पण पुढचं मूल नाही. १८८२ मध्ये लाइपझिगच्या मॅक्स सेंगरने चांदीची तार आणि रेशीम वापरून गर्भपिशवी नीट शिवून दाखवली. 'दुसरं सिझर' ही गोष्ट नेहमीची होऊ शकली ती त्या टाक्यांमुळे. आजचा आडवा छेद फॅनेनस्टील या जर्मन डॉक्टरचा, १९०० चा.

लेबररूम

@पुराणवस्तू, या हो, घुसा. यात एक भर. त्वचेवरचा छेद आडवा आहे म्हणून गर्भपिशवीवरचाही आडवाच असेल असं नाही आणि उलटंही खरं. जुनीजाणतींचा बाहेरून उभा छेद आहे, पण आत गर्भपिशवीच्या खालच्या भागात आडवाच असण्याची शक्यता जास्त. पुढच्या बाळंतपणासाठी महत्त्वाचा असतो तो आतला. गर्भपिशवीच्या वरच्या जाड भागात उभा छेद घेतला असेल तर कळांमध्ये तो फाटायचा धोका बराच जास्त.

वण बघून हे सांगता येत नाही. त्यासाठी लागतात ऑपरेशन नोट्स. आणि त्या आपल्याकडे कुणी मागत नाही! पेशंट येते, बाळाचं वजन तोंडपाठ, जन्मवेळ सेकंदासकट, आणि फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डवर एकच ओळ: 'एलएससीएस अंडर स्पायनल, बाळ-बाळंतीण सुखरूप.' (म्हणजे पाठीत भूल देऊन, गर्भपिशवीच्या खालच्या भागातून सिझर.) आत काय चिकटलं होतं, किती थर शिवले, कुठला दोरा, छेद बाजूला फाटला का, काही नाही. दुसऱ्या वेळी पोट उघडणारा आंधळेपणाने उघडतो.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने कागद मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात. पण कागद सांभाळायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचं. म्हणजे दुसरं मूल होईपर्यंत पहिल्याची फाइल रद्दीत गेलेली असू शकते. म्हणून घरी जातानाच प्रत मागा.

चिमणी_ठाणे

आईशप्पथ. माझ्या कार्डावर अक्षरशः तीच ओळ आहे. जुन्या हॉस्पिटलला फोन केला, 'मॅडम, एवढं जुनं रेकॉर्ड ठेवत नाही' म्हणाले.

मृण्मयी_के

माझी दोन सिझर झाली. पाळी नीट पाच दिवसांत संपते, पण नंतर आठवडाभर काळपट डाग पडत राहतात. पहिल्या वेळी नव्हतं. हे टाक्यांमुळे असू शकतं का?

लेबररूम

असू शकतं. गर्भपिशवीच्या टाक्यांच्या जागी आतून खाच राहते, त्याला नीश म्हणतात. पाळीचं रक्त त्यात साठतं आणि मागाहून थेंब थेंब येत राहतं. पाळीनंतर आतून केलेल्या सोनोग्राफीत दिसते. त्रास नसेल तर काहीच करायचं नाही. असेल तर गोळ्यांपासून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपर्यंत पर्याय आहेत. पण डाग पडतात म्हणजे नीशच, असं घरबसल्या ठरवू नका. तपासून घ्या.

आणि ज्यांना अजून मूल हवंय त्यांच्यासाठी: सिझरनंतर दिवस राहिले की सहाव्या ते आठव्या आठवड्यातली सोनोग्राफी चुकवू नका. गर्भ जुन्या टाक्यांतच रुजला असेल तर तेव्हाच कळायला हवं. नंतर वार (प्लासेंटा) खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी असेल तर ती टाक्यांत घुसली आहे का हे मुद्दाम बघायला सांगा. अमेरिकेतल्या २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली असताना ती अशी रुतलेली सापडण्याचं प्रमाण पहिल्या सिझरला ३ टक्के होतं, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ४०. घाबरवायला नाही, पण 'तिसरंही सिझरने होऊन जाईल' असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत.

फिजिओ_मुक्ता

वणाच्या बाहेरच्या काळजीबद्दल थोडं. ताज्या जखमेला पहिल्या आठवड्यात स्वतःचं बळ जवळजवळ नसतंच, दोरा सगळं पेलतो. तीन महिन्यांत मूळ त्वचेच्या साधारण ऐंशी टक्के बळ येतं, आणि पूर्ण कधीच येत नाही. रंग नि जाडी मात्र वर्ष-दीड वर्ष बदलत राहते. तिसऱ्या महिन्यात वण लाल नि टणक दिसला म्हणून रडू नका, तो तेव्हा तसाच दिसतो.

खाटेवरून उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा. खोकताना किंवा हसताना उशी पोटाशी घट्ट धरा. जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, बोटांनी वणावर हलका दाब देऊन गोल गोल फिरवा. याचा पुरावा फार भक्कम नाही, पण बधिर भागाला हात लावायची भीती जाते हे मी रोज बघते. ते बधिरपण त्वचेच्या बारीक नसा कापल्या गेल्यामुळे असतं. बरंचसं हळूहळू कमी होतं, काहींना थोडं कायम राहतं.

जाड वणासाठी सिलिकॉनची पट्टी किंवा जेल. पट्टी दिवसाचे बारा तास तरी, आणि निदान दोन-तीन महिने. आठ दिवस लावून 'काही उपयोग नाही' म्हणायचं नाही. त्यानेही न बसणाऱ्या जाड, खाजऱ्या वणात त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. व्हिटॅमिन ई चं तेल, कोरफड वगैरे लावायचं तर लावा, अपेक्षा ठेवू नका.

पट्टा बांधल्याने चालताना आधार वाटतो, पोट आत जात नाही. आणि फार घट्ट बांधू नका, खाली जखम घामेजते.

जुनीजाणती

शेगडी नि धुरीचं काय करायचं, मुक्ता? माझी सून म्हणते नको. मी म्हणते ओवा-शेपाची धुरी घेतल्याशिवाय बाळंतपण कसलं!

लेबररूम

धुरी बाळ-बाळंतिणीच्या नाकातोंडात जाते, म्हणून नको. शेक टाक्यांवर तर अजिबातच नको. ती जागा बधिर असते, भाजलेलं कळत नाही. भाजलेल्या वणाच्या बायका मी पाहिल्या आहेत. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू हवे तेवढे खाऊ घाला.

भाताचा निकाल एकदाच लावते: भाताने टाके पिकत नाहीत. टाके पिकतात ते साखर वाढलेली असताना, हिमोग्लोबिन कमी असताना, जखमेखाली पाणी साठल्यावर, आणि अँटिबायोटिक वेळेवर न मिळाल्यावर. ते छेद घेण्याआधीच्या तासाभरात द्यायला हवं. अजून एक, आदल्या दिवशी घरी वस्तऱ्याने साफसफाई करून येऊ नका. वस्तऱ्याच्या बारीक चिरांतून जंतू आत शिरतात. गरज असेल तर हॉस्पिटलात क्लिपरने करतील. वरण, अंडी, मासे, दही, उसळी भरपूर खा. टाके भरतात ते प्रथिनांनी.

ताप, वाढती लाली, वास येणारा स्राव, किंवा कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं, यातलं काही झालं तर उद्यावर ढकलायचं नाही.

अनुस्वार

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर मोफत आहे, औषधं आणि सात दिवसांपर्यंतचं जेवणही. टाक्यांचे वेगळे पैसे मागायचा प्रश्नच नाही. इथे बहुतेकांच्या ते ध्यानीमनी नसतं म्हणून लिहिलं.

चिमणी_ठाणे

मंडळी, मुलगी झाली! दोघी ठीक आहोत. धाग्याचं देणं म्हणून लिहितेय, एका हाताने टाइप करतेय तेव्हा चुका पोटात घाला.

आधीच्या भेटीत सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टर आधी हसल्या, मग खुर्ची ओढून बसल्या. जुना वण उजव्या जाड भागासकट काढला. आत मूत्राशय चिकटलेलं होतं, ते सोडवायला वेळ गेला. चरबी वेगळी शिवली, त्वचेला मोनोक्रिल. 'कॉस्मेटिक'चे पैसे बिलातून गेले. कसे ते विचारलं नाही. ऑपरेशन नोट्सची प्रत डिस्चार्जच्या आधी मागितली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'इन्शुरन्सला लागत नाही मॅडम.' मला लागते म्हटलं. दीड पान आहे. गर्भपिशवी दोन थरांत, आडवा छेद, बाजूला फाटला नाही, सगळं लिहिलंय. फोटो काढून नवऱ्याला नि आईलाही पाठवून ठेवला.

रेघ अजून पट्टीखाली आहे, कोपरा कोरडा आहे. भात चालू आहे. सासूबाई बोलत नाहीत, पण वाढतात.

डॉक्टर, एकच विचारायचं राहिलं. मोठा चार वर्षांचा, दारात उभा राहून हात वर करतो, 'आई, कडेवर.' कधी उचलू?

लेबररूम

अभिनंदन! सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, आणि त्यात तो येतो. तुम्ही आधी भिंतीला टेकून बसा, पोटाशी उशी धरा, मग त्याला बाजूने मांडीवर चढू द्या. उडी मारू नको म्हणून आधी सांगा. मारेलच, म्हणून उशी.